गुरुवारची प्रार्थना तुमच्या घरी आली तर

आमच्या चर्चच्या मंडळीत दर गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. पूर्वी पाळकसाहेब स्वतः यायचे. आता त्यांना एकाच संध्याकाळी तीन-तीन ठिकाणी जावं लागतं, म्हणून ज्याचं घर त्यानंच चालवायचं असं ठरलंय. मग रविवारी उपासना सुटली की पायरीवर कुणीतरी मला गाठतं, "काका, आमची पाळी आलीय, काय करायचं असतं हो?" मी एसटीतनं कंडक्टर म्हणून रिटायर झालेला माणूस, धर्मशिक्षण काही झालेलं नाही. पण पंचवीसेक वर्षं हे करत आलोय, तर एकदाच लिहून टाकतो.

काय वाचायचं ते आदल्या दिवशी ठरवा. ऐन वेळी डोळे मिटून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं आणि बोट पडेल तिथनं वाचायचं, याला काही जण विश्वास म्हणतात. मीही म्हणायचो. एका घरी पोराचा पहिला वाढदिवस होता. केक टेबलावर, पोरगं आजीच्या मांडीवर. मी उघडलं तर ईयोबाचा तिसरा अध्याय. तिथं ईयोब आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो, तो दिवस उजाडलाच नसता तर बरं झालं असतं म्हणतो. माझ्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत तीन ओव्या, म्हणजे तीन वचनं, वाचून झाल्या होत्या आणि आजीनं पोराला घट्ट धरलं होतं. त्या घरी मला पुढं दोन वर्षं वाचायला कुणी सांगितलं नाही.

नवख्या माणसानं बायबलातली स्तोत्रसंहिता धरावी. स्तोत्रं १५० आहेत. ११७ वं दोनच ओव्यांचं, ११९ वं १७६ ओव्यांचं, तेव्हा आकडा बघून घ्या. घरच्या प्रार्थनेला आठ-दहा ओव्या पुष्कळ झाल्या. २३ वं सगळ्यांना पाठ असतं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' म्हटलं की पुढचं सगळी खोली पुटपुटते, आणि पाठ असलेलं माणूस ऐकत नाही. पोरंबाळं जास्त असतील तर १३६ वं घ्या. त्यातल्या २६ ही ओव्यांचा शेवट एकच आहे. अर्धी ओवी तुम्ही वाचायची, 'कारण त्याची दया सनातन आहे' हे सगळ्यांनी म्हणायचं. दहाव्या ओवीला पोरं ओरडायला लागतात. ओरडू द्या.

निवडलेलं घरी एकदा मोठ्यानं वाचून बघा. डोळ्यानं वाचलेलं वेगळं, तोंडानं वाचलेलं वेगळं. स्तोत्रात मधेच कंसात 'सेला' येतं, ते वाचू नका. गायन-वादनाची जुनी खूण असावी असं म्हणतात, नक्की अर्थ पंडितांनाही लागलेला नाही. शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा, वाचत असाल आणि अध्याय संपला तरी गोष्ट संपलेली नसेल, तर खुशाल पुढं वाचा. अध्याय पाडले तेराव्या शतकात आणि नव्या कराराच्या ओव्यांना आकडे पडले १५५१ साली. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयानं काही आकडे घालून लिहिलेलं नव्हतं.

आणि सावकाश वाचा. गाडी थांबल्याशिवाय माणूस उतरत नाही, हे मी तीस वर्षं बघितलंय. एक ओवी झाली की थांबा, लोकांना उतरू द्या, मग बेल मारा. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून आपल्याकडं एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं ही रीत पडली असणार. आजीला ऐकून ऐकून चाळीसेक स्तोत्रं पाठ होती. वाचणारा घाईचा असता तर एकही झालं नसतं.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक घरांत वाचन एकीकडं आणि प्रार्थना भलतीकडं असते. स्तोत्र संपलं की शास्त्र मिटायचं, आणि मग आजार, परीक्षा, लग्न, नोकरी अशी यादी सुरू. जे वाचलं त्याचा पुढं उल्लेखसुद्धा नाही. कुणी आपल्याशी बोललं आणि आपण भलतंच बोलत सुटलो तर ते कसं दिसेल? वाचलेल्यातलाच एक शब्द धरा आणि त्याला उत्तर द्या.

कसं ते सांगतो. शेजारचं पोरगं नोकरीला पुण्याला निघालं होतं, रात्रीच्या गाडीनं. १२१ वं स्तोत्र वाचलं. आठ ओव्यांचं आहे, आणि त्यात म्हटलंय की आपला राखणारा डुलकी घेत नाही, झोपत नाही. मी तेवढंच धरलं. म्हटलं, "प्रभू, तू झोपत नाहीस असं आत्ता वाचलं. मग आज रात्री आमच्या ड्रायव्हरकडं बघ, त्याला डुलकी येऊ देऊ नको. आणि पोराच्या आईला मात्र झोप लागू दे." झालं. आमेन. अर्धं मिनिटसुद्धा नाही.

पण यात माझ्यापेक्षा पुढची निघाली ती एक मावशी. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण ४३ ची. पाणी ओसरल्यावर प्रार्थना आमच्याकडं होती, आणि ज्यांच्या घरात पाणी शिरलेलं ती माणसं अंगावरच्या कपड्यांत आलेली. मी ६९ वं स्तोत्र काढलं. पाणी गळ्याशी आलंय, पाय टेकायला जागा नाही, अशी दाविदाच्या त्या स्तोत्राची सुरुवात. मावशीचं घर नाल्याच्या कडेला. ती डोळे मिटून म्हणाली, "देवा, दाविदाच्या गळ्याशी आलं होतं. आमच्या फ्रिजवरनं गेलं. तू बघितलंस न्हवं?" कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसलो, आणि हसता हसता तिच्या सुनेला रडू फुटलं. इतके दिवस ती रडली नव्हती.

म्हणून शब्द जमवत बसू नका. 'हे अनंत कृपाळू परमपावन' वगैरे पाळकसाहेबांना शोभतं. आपण देवाला तू म्हणतो, आईला म्हणतो तसं. मग बाकीचंही तसंच बोला.

एक सावधगिरी. दुसऱ्याची खासगी गोष्ट प्रार्थनेत आणू नका. "अमक्याची दारू सुटू दे" असं अमक्याच्या बायकोदेखत म्हणणं ही प्रार्थना नव्हे, डोळे मिटून केलेली चहाडी आहे. आजाराचंही आधी विचारून घ्या.

शेवटी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिष्यांना शिकवलेली, सगळ्यांनी मिळून. ती मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि लूकच्या अकराव्यात थोडी आखूड. पाहुण्यांत कॅथलिक कुणी असेल तर एवढं लक्षात ठेवा: माझी वसईची वहिनी 'वाइटापासून सोडव' इथं थांबते, आणि आपण 'कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव' म्हणत पुढं जातो. पहिल्यांदा ती बिचारी एकटीच 'आमेन' म्हणून मोकळी झाली आणि सगळ्यांनी डोळे उघडून तिच्याकडं बघितलं. आता मी आधीच सांगतो. आणि 'रोजची भाकर' म्हणताना जरा हळू. आमच्या सौ. त्या वेळी हमखास स्वयंपाकघराकडं बघतात.

चहाचं आधण प्रार्थना संपल्यावर ठेवा, नाहीतर घरची बाई अर्धं स्तोत्र गॅसपाशी ऐकते. चिवडा आधी बशीत काढू नका, पोरं वाचनात लक्ष देत नाहीत. आणि पुढच्या गुरुवारी कुणाकडं, हे चहा हातात द्यायच्या आधी विचारून घ्या. चहा झाला की सगळ्यांना घाई होते.