जॉइनिंग किटआधी ओळखपत्र

एचआरमध्ये किंवा अंतर्गत संवादाच्या कामाला नव्याने लागलात की एक फर्मान हमखास येतं: ‘आपल्या लोकांसाठी काहीतरी ब्रँडिंग करा,’ म्हणजे कर्मचाऱ्यांना कंपनी आपली वाटेल असं काहीतरी करा. घात इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी चाकणच्या एका कारखान्यात लागले तेव्हा जॉइनिंग किट देखणं होतं. लोगोचा मग, टी-शर्ट, स्वागताचं कार्ड. ते किट मिळालेला एक मुलगा मात्र रोज गेटवर व्हिजिटरच्या वहीत सही करून आत यायचा. ओळखपत्र छापून आलं नव्हतं. लॅपटॉपचं विचारलं की आयटी म्हणायचं एचआरचा मेल नाही, एचआर म्हणायचं अ‍ॅडमिनला विचार. तो या तिन्ही खात्यांचा ग्राहक आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं. माल घेणाऱ्या ग्राहकाला असं टोलवलं असतं तर कंपनीत हलकल्लोळ झाला असता. त्या मुलाचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हा पोस्टर करायला घेण्याआधी बघा: प्रवासखर्चाची बिलं किती दिवस पडून राहतात? पगाराच्या स्लिपमधली चूक कोण दुरुस्त करतं? राजीनामा दिलेल्याला फुल अँड फायनल, म्हणजे शेवटच्या हिशेबाचे पैसे, कधी मिळतात? हे शेवटचं आधी तपासा. सोडून गेलेल्या माणसाच्या शब्दावर लोक तुमच्या जाहिरातीपेक्षा जास्त विश्वास ठेवतात.

एचसीएल टेक्नॉलॉजीज या आयटी कंपनीत विनीत नायर यांनी 2005 मध्ये सूत्रं हाती घेतल्यावर कर्मचाऱ्यांना एचआर, फायनान्ससारख्या खात्यांकडे तक्रारीचं तिकीट (संगणकावरची नोंद) टाकता येऊ लागलं, आणि ते बंद करायचा अधिकार तिकीट टाकणाऱ्यालाच होता. सगळी मेख त्या अधिकारात आहे. तो खात्याकडे राहिला की अहवाल हिरवागार आणि माणूस तसाच वैतागलेला.

गुरू करायचाच तर टाइम ऑफिसमधल्या, म्हणजे हजेरी-रजा बघणाऱ्या खात्यातल्या, जुन्या माणसाला करा. कुणाची रजा कुठे अडली, त्याला तोंडपाठ असतं. सर्टिफिकेट कोर्स नंतर करता येतील.

बजेट नाही म्हणून खचू नका. बिलं वेळेवर निघायला पैसे लागत नाहीत, पाठपुरावा लागतो, आणि तो तुम्हाला नक्की जमेल. फक्त कंत्राटी कामगारांना वगळू नका. कँटीनमध्ये त्यांची रांग वेगळी असेल तर ती एक करायला सांगा. साहेब नाही म्हणाले तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.