स्लॅप बेस शिकताना: अंगठा तारेवर रेंगाळू देऊ नका

स्लॅप म्हणजे बेस गिटारच्या तारेवर अंगठ्याने फटका मारून वाजवणं. त्यात आवाज ‘थड’ असा बसका येत असेल, तर बहुधा अंगठा तारेवर आपटून तिथेच थांबतोय. तार फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) आदळली की अंगठा लगेच उसळून वर आला पाहिजे. ताकद कमीच लागते. हालचाल मनगट फिरवण्याची, कुलपात किल्ली फिरवावी तशी. अख्खा हात वर-खाली केलात तर दहा मिनिटांत दंड भरून येईल.

फटका अंगठ्याच्या सांध्याच्या हाडाळ कडेने, फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली मानेची पट्टी) संपतो तिथे, शेवटच्या एक-दोन फ्रेटवर द्या. पिकअपच्या (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या चुंबकी भागाच्या) जवळ तार जास्त ताठ लागते, तिथे अंगठा नीट उसळत नाही. बेसचा खांद्यावरचा पट्टा फार लांब सोडला तर मनगट मुडपतं. बेस पोटाशी येईल इतका आखूड करा.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून मोकळ्या, म्हणजे न दाबलेल्या, ई तारेवर (सगळ्यात जाड तार) ठोक्याला एक फटका. सगळे फटके सारखे वाजेपर्यंत वेग वाढवू नका. मग सप्तक, म्हणजे तोच सूर वरच्या सप्तकात, जोडा: अंगठ्याने मोकळी ई, मग डाव्या हाताने दुसऱ्या फ्रेटवर दाबलेली डी तार उजव्या तर्जनीने ओढून सोडा. तर्जनीचं फक्त टोक तारेखाली सरकवा. बोट खोल गेलं की अडकतं आणि ताल चुकतो.

डाव्या हाताची मोकळी बोटं बाकीच्या तारांवर अलगद टेकलेली हवीत. हे बहुतेक जण शेवटी शिकतात. खरं तर पहिल्याच दिवशी शिकावं, कारण स्लॅपमधला गोंगाट बहुतांशी न वाजवलेल्या तारांचाच असतो.