रात्री अंगणात कोण येऊन गेलं? ओळखायची साधी रीत

कोकणात उजाडलं की पहिलं काम अंगण झाडायचं. आणि नेमकं तिथेच सगळं बिघडतं. रात्री कोंबडी गेलेली असते, सुरणाचा वाफा उकरलेला असतो, आणि आपण जाग आल्या आल्या केरसुणी फिरवून, वर सडा घालून सगळा पुरावा पुसून टाकतो. मग चहा घेताना चर्चा सुरू होते: "वाघ असणार." आमच्या राजापूर-लांज्याकडे बिबट्याला सर्रास वाघच म्हणतात, आणि हरवलेल्या प्रत्येक कोंबडीचं खापर त्याच्यावरच फुटतं. प्रत्यक्षात दहातल्या नऊ वेळा आलेला प्राणी मांजरापेक्षा थोडाच मोठा असतो.

पहिली पायरी: केरसुणी खाली ठेवा

उजाडताच, कुत्रं-कोंबड्या मोकळ्या सोडायच्या आधी, एक फेरी मारा. घाई नको. ऊन तिरकं असतं तेव्हाच ठशाच्या कडा दिसतात. दहा वाजले की तोच ठसा सपाट मातीसारखा दिसतो. ढगाळ असेल तर बॅटरी जमिनीलगत आडवी धरा. काय गेलं, कुठून गेलं, काय उरलं, एवढं आधी बघा. प्राण्याचं नाव नंतर.

दुसरी पायरी: काय खाल्लंय ते वाचा

मला विचाराल तर ठशांपेक्षा खरकटं जास्त बोलतं.

सुरण, कणगर, रताळी उकरून अर्धी कुरतडलेली असतील, किंवा माडाच्या रोपाचा बुंधा पोखरलेला असेल, तर साळिंदर. कुरतडल्यावर दोन-दोन दातांच्या रुंद खोबण्या उमटतात, पटाशीने तासल्यासारख्या. जवळपास काळा-पांढरा काटा पडलेला मिळाला तर विषयच संपला. पण तीच जमीन नांगर फिरवल्यासारखी उलथलेली असेल, ढेकळं बाजूला फेकलेली असतील, तर ते रानडुक्कर. साळिंदर खड्डा करतो, डुक्कर शेत करतो. डुकराचा कळप येऊन गेला असेल तर बांधावरच्या झाडाला गुडघाभर उंचीवर वाळलेला चिखल घासलेला सापडतो.

वारुळ फोडून त्यात खोल, गोल भोक पाडलं असेल आणि बाकी कशाला हात लावलेला नसेल, तर खवले मांजर. असं काही दिसलं तर गावभर सांगत फिरू नका. या प्राण्याच्या मागे शिकारी असतात. थेट वनखात्याला कळवा.

पडवीच्या भिंतीवर शिंतोडे आणि खाली पेरूचे, चिकूचे चावून थुंकलेले चोथे असतील तर वरती वाशाला बघा. ते फळं खाणारं वटवाघूळ. दरवर्षी कोणीतरी हे भुताटकीच्या खात्यात जमा करतं.

अंड्यांचं थोडं वेगळं आहे. टरफलं फुटून तिथेच पडलेली असतील तर मुंगूस, पण तो दिवसाचा चोर. रात्री गेलेल्या अंड्याचा आळ त्याच्यावर घेऊ नका. टरफलासकट अंडं गायब आणि आजूबाजूला काहीच खूण नाही, तर खुराड्यात हात घालायच्या आधी बॅटरीने कोपरे बघा. नाग आत असू शकतो.

कोंबड्यांकडे नीट लक्ष द्या. एखादी अख्खी उचलून नेलेली आणि पिसांची रेघ गडग्याकडे, म्हणजे दगडी कुंपणाकडे, गेलेली असेल तर रानमांजर किंवा कोल्हा. दोन-तीन मारून, मान नाहीतर डोकं खाऊन बाकी तिथेच टाकल्या असतील तर कांडेचोर (उदमांजर) किंवा जवादी मांजर यांच्यावर संशय घ्या. मोकाट कुत्री असतील तर ओरडा, पळापळ, पिसांचा सडा, आणि बऱ्याच मेलेल्या कोंबड्या न खाताच पडलेल्या.

शेळी किंवा वासरू मारलं असेल तर गळा बघा. बिबट्या बहुधा गळ्याला धरतो. तिथे दातांची खोल भोकं असतात आणि बाकी अंग फारसं ओरबाडलेलं नसतं. मागच्या मांड्या, शेपूट, कास फाडलेली असेल तर आधी कुत्र्यांचा विचार करा.

तिसरी पायरी: ठसा मोजा

ठशाशेजारी पट्टी ठेवून बरोबर वरून फोटो काढा. वीत, बोटं यांवर विसंबू नका. घाबरलेल्या माणसाची वीत मोठी असते.

पहिला प्रश्न, बोटं किती? चार असतील तर मांजर किंवा कुत्रा यांच्या कुळातला. नखं उमटली असतील आणि ठसा लांबट असेल तर कुत्रा किंवा कोल्हा. कुत्र्याच्या ठशात बोटं आणि गादी (बोटांमागचा तळव्याचा मऊ भाग) यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून फुलीची खूण काढता येते. मांजराच्या ठशात ती गादीला आपटते. मांजरकुळात नखं दिसत नाहीत, ठसा गोलसर असतो आणि गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. मग रुंदी: घरच्या मांजराची साधारण 3 सेंटिमीटर, रानमांजराची थोडी मोठी, वाढलेल्या बिबट्याची 7-8 सेंटिमीटर. ओल्या चिखलात कुठलाही ठसा पसरतो, म्हणून एकच नाही, चार-पाच मोजा.

पाच बोटं आणि पूर्ण तळवा, लहान मुलाच्या हातासारखा छोटा ठसा, म्हणजे कांडेचोर. दुभंगलेला खूर आणि त्यामागे दोन ठिपके, म्हणजे डुक्कर. बारीक, टोकदार खूर असेल तर भेकर.

कातळावर काहीच उमटत नाही. तिथे ठसे शोधत बसू नका, पुढे जा.

चौथी पायरी: विष्ठा, वास, आवाज

विष्ठा काडीने फोडून बघा, हाताने नको. गडग्याच्या माथ्यावर, कौलांवर, विहिरीच्या कठड्यावर, अशी उंचावर ठेवलेली आणि भेरली माडाच्या नाहीतर जांभळाच्या बियांनी भरलेली असेल तर ते कांडेचोराचंच काम. पायवाटेच्या मधोमध, बोरांच्या बिया आणि केस असलेली असेल तर कोल्हा. खारकेच्या बियांसारख्या लांबट लेंड्या साळिंदराच्या.

रात्री अचानक भात शिजल्यासारखा सुगंध येतो, तो बऱ्याचदा कांडेचोराचा असतो. आमची आजी हा वास सापाचा म्हणायची आणि आम्हाला ओट्यावरून उतरू द्यायची नाही.

माळ्यावर बारीक खुडखुड म्हणजे उंदीर. माणूस दबकत चालल्यासारखी धप-धप म्हणजे पुन्हा कांडेचोर. रानातून कुत्र्यासारखं एकच एक भुंकणं येत राहिलं तर ते भेकर, आणि लाकूड करवतल्यासारखा खरखरीत आवाज आला तर बिबट्या. तेव्हा दार लावून आत बसायचं.

पाचवी पायरी: राखेचा सापळा

सापळा म्हणजे पकडायचा नव्हे, फक्त ठसा घ्यायचा. चुलीतली राख आणि कोरडी माती चाळणीने चाळून समसमान मिसळा. ज्या वाटेने प्राणी येतो असं वाटतं, तिथे हातभर लांब-रुंद जागेवर बोटाच्या पेरापेक्षा पातळ थर द्या आणि पाटीच्या कडेने सपाट करा. शेजारी आपला ठसा उमटवून बघा. स्पष्ट आला तर थर बरोबर आहे. आमिष ठेवू नका, नाहीतर जो येत नव्हता तोही यायला लागेल. सलग तीन-चार रात्री ठेवा. जुना मोबाइल किंवा रात्रीच्या अंधारातलं टिपणारा छोटा कॅमेरा असेल तर गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेला तिरका लावा. घराच्या आवारातच, रानात नको.

फासकी, विष, करंट असलं काहीही लावू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि फासकीत बहुतेक वेळा शेजारचंच कुत्रं सापडतं. ठसा बिबट्याचा निघाला, किंवा जनावर मेलं, तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका. भरपाईचं सगळं त्यावर अडतं. कुठल्याही प्राण्याने चावा घेतला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गेल्या माघात आमच्या खुराड्यातून तीन रात्रींत चार कोंबड्या गेल्या. वाडीत वाघ ठरला होता. मी खुराड्याची फळी बघितली: खाली चार बोटांची फट. एवढ्या फटीतून वाघ कसा येईल, हे कोणी विचारलंच नव्हतं. राख पसरली. दुसऱ्या सकाळी गोल ठसे, नखं नाहीत, पट्टीवर चार सेंटिमीटर. रानमांजर. पिसांची रेघ कळकीच्या (बांबूच्या) बेटापर्यंत गेलेली. संध्याकाळी फट चिऱ्याने बुजवली आणि राख पुन्हा सपाट केली. सकाळी ठसे होतेच: खुराड्याला दोन फेऱ्या, फळीपाशी थोडं उकरलेलं, आणि मग सरळ गडग्याकडे.