जुना ट्यूब अ‍ॅम्प की नवा? या चुका टाळा

इलेक्ट्रिक गिटारसाठी ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या निर्वात ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) बघायला निघालेला माणूस बहुधा दोनच गोष्टी विचारतो: किती वॅटचा आणि कुठल्या सालचा. या दोन आकड्यांवर सौदा ठरतो आणि पुढचा मनस्तापही. अ‍ॅम्प आज कुठल्या अवस्थेत आहे, त्याला स्पीकर कोणता आहे आणि तुम्ही तो किती मोठ्याने वाजवणार, हे प्रश्न मागेच राहतात.

वॅट म्हणजेच आवाज असं धरून चालणं

५० ऐवजी १०० वॅटचा अ‍ॅम्प घेतला तर आवाज दुप्पट होत नाही, ३ डेसिबलने वाढतो. जाणवेल इतपत, बस. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. म्हणजे ५ वॅटचा चिमुकला अ‍ॅम्पही ५० वॅटवाल्याच्या निम्मा आवाज देतो. झोपायच्या खोलीत तो पूर्ण उघडून बघा, मग वॅटची हौस आपोआप कमी होते.

आवाज फाटायला (डिस्टॉर्ट व्हायला) लागण्याआधी अ‍ॅम्प किती वर जाईल, हे मात्र वॅटवरून नक्की कळतं. फेंडर ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा, चार ६एल६ पॉवर ट्यूबचा (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या शेवटच्या ट्यूब). तो ड्रमसेटशेजारीही स्वच्छ राहतो. दोन ६व्ही६वर चालणारा २२ वॅटचा डिलक्स रिव्हर्ब तिथे बराच आधी फाटतो, आणि पुष्कळांना नेमका तोच आवाज हवा असतो. सगळ्यात महागात पडते ती घरात वाजवण्यासाठी मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज आटोक्यात ठेवणारं बटण) नसलेला १०० वॅटचा जुना मार्शल घ्यायची हौस. त्याचा प्रसिद्ध आवाज पॉवर ट्यूबवर जोर आल्यावर निघतो. तिथवर तुम्ही घरात कधी पोचणारच नाही, आणि खालच्या व्हॉल्यूमवर तो अ‍ॅम्प कोरडा, टोचणारा वाटेल.

यावर अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे स्पीकरला जाणारी ताकद कमी करणारा डबा, लावतात. तो अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो. त्याचे ओहम (विद्युत रोध) अ‍ॅम्पशी जुळले पाहिजेत आणि त्याची क्षमता अ‍ॅम्पच्या वॅटपेक्षा बरीच जास्त हवी. खोली शांत झाली म्हणून ट्यूबला आराम मिळत नाही. त्या पूर्ण जोरातच राबतात आणि त्याच वेगाने झिजतात. शिवाय हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, त्यामुळे 'तोच आवाज, फक्त लहान' अशी अपेक्षा ठेवू नका.

स्पीकरकडे तर कुणी बघतच नाही. ९७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर काढून १०० डेसिबलचा लावला, तर अ‍ॅम्पचे वॅट दुप्पट केल्याइतका फरक पडतो. स्पीकरच्या क्षमतेचंही भान हवं. सेलेशन ग्रीनबॅक २५ वॅटचा आहे. चार एकत्र लावले तर १०० वॅट पेलतात, पण ५० वॅटच्या अ‍ॅम्पला एकटा लावला तर त्याची कॉइल जळू शकते. अ‍ॅम्पवर लिहिलेले वॅट स्वच्छ आवाजाचे असतात, फाटलेल्या आवाजात तो त्याहून जास्त देतो. म्हणून एकच स्पीकर असेल तर त्याची क्षमता अ‍ॅम्पच्या दुप्पट धरा.

सालाला भुलणं

फेंडर कंपनी १९६५च्या जानेवारीत सीबीएस या प्रसारण कंपनीकडे गेली आणि १९६८पासून अ‍ॅम्पचं पॅनेल चंदेरी झालं. एवढ्यावर किमती कितीतरी बदलतात. पण १९६४चा, आतून हात न लागलेला अ‍ॅम्प म्हणजे साठ वर्षांपूर्वीचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असलेला अ‍ॅम्प. हे कपॅसिटर १५-२० वर्षांत सुकायला लागतात, अ‍ॅम्प वापरला नाही तरीही. विक्रेता 'सगळं ओरिजिनल' म्हणतो तेव्हा फिल्टर कपॅसिटर (वीजपुरवठा सुरळीत करणारे हेच इलेक्ट्रोलिटिक) बदलायचा खर्च मनातल्या मनात किमतीत मिळवून टाका. ते बदलल्याने वाजवणाऱ्याचं काहीच जात नाही. जपायचे ते ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदललेला असेल किंवा स्पीकरला नवा कोन बसवलेला असेल, तर भाव खाली यायला हवा.

साल तपासायला पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणामागच्या पोटेन्शिओमीटरच्या) पाठीवरचा कोड वाचा. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे आकडे साल आणि आठवड्याचे. १३७६५३२ म्हणजे सीटीएसने १९६५च्या ३२व्या आठवड्यात बनवलेला पॉट. स्पीकरवर २२० असेल तर जेन्सन, ४६५ असेल तर ऑक्सफर्ड. फेंडरच्या ट्रान्सफॉर्मरवर बऱ्याचदा ६०६ दिसतो, तो शूमाकरचा. काही कोडमध्ये सालाचा एकच अंक असतो, तेव्हा दशक बाकीच्या भागांवरून ठरवावं लागतं. अ‍ॅम्प त्याच्या सगळ्यात नव्या मूळ भागाच्या आधी जोडला गेलेला असू शकत नाही. १९६६चा म्हणून दाखवलेल्या अ‍ॅम्पमध्ये १९७२चा पॉट निघाला, तर त्या पॉटचं सोल्डर बघा. ते बाकीच्यांपेक्षा वेगळं चमकत असेल तर फक्त पॉट बदललाय. तसं नसेल तर सांगितलेलं साल खोटं आहे.

नव्या अ‍ॅम्पबाबत उलटा पूर्वग्रह असतो: छापील बोर्ड दिसला की नाक मुरडायचं. बोर्ड वाईट नसतो. बघायचं ते एवढंच की पॉवर ट्यूबचे सॉकेट चॅसिसवर (धातूच्या सांगाड्यावर) बसवून वायरने जोडलेत की थेट मुख्य बोर्डावर सोल्डर केलेत. थेट असतील तर रोजच्या तापण्या-निवण्याने सोल्डरला बारीक तडे जातात आणि अ‍ॅम्प गरम झाल्यावरच रुसायला लागतो. इनपुट जॅकचंही तेच: फक्त बोर्डाच्या आधारावर असेल तर केबलचा प्रत्येक हिसका सोल्डरवर येतो.

मेन वायरकडे दुर्लक्ष

इथे चूक झाली तर दुरुस्तीला जागाच उरत नाही. जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पना दोन पिनांची वायर असते, आणि मेन लाइन व चॅसिस यांच्यामध्ये ग्राउंड स्विचमार्गे एक छोटा कपॅसिटर, फेंडरमध्ये बहुधा ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा. त्याला 'डेथ कॅप' म्हणतात ते उगीच नाही. तो आतून शॉर्ट झाला की चॅसिसवर मेन करंट येतो, तिथून केबलमार्गे तारांवर आणि तुमच्या बोटांवर. त्यात ओठ अर्थ असलेल्या माइकला टेकले की संपलं. म्हणून तीन तारांची वायर बसवा. हिरवी तार चॅसिसला स्वतंत्र बोल्टने घट्ट आवळा, फेज आधी फ्यूजमधून आणि मग स्विचमधून न्या आणि तो कपॅसिटर कापून टाका. संग्राहकांना काय वाटेल याचा विचार करू नका.

११०-१२० व्होल्टचा अ‍ॅम्प २२०-२४० व्होल्टवर चालवायचा तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेल्या वॅटच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घ्या. तिथला आकडा मेनमधून ओढल्या जाणाऱ्या वॅटचा असतो, स्पीकरला मिळणाऱ्या वॅटच्या कितीतरी वर. स्टेप-डाउनची अर्थ पिन आरपार जोडलेली आहे का, हे मल्टिमीटरने तपासा. अ‍ॅम्पवरच्या माहितीच्या पट्टीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर ५० हर्ट्झवर अ‍ॅम्पचा पॉवर ट्रान्सफॉर्मर जास्त तापेल. शेवटी हीटरचं (ट्यूबला आतून तापवणाऱ्या तारेचं) व्होल्टेज मोजा: ६.३ व्होल्ट हवेत, १० टक्के इकडे-तिकडे चालतं.

स्पीकरशिवाय चालू करणं

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पची सवय असलेले इथे फसतात. तिथे स्पीकर काढला तरी बिघडत नाही, शॉर्ट झाला तर बिघडतं. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये याच्या उलट. स्पीकर नसताना जोरात वाजवलं की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं, इन्सुलेशन फुटतं किंवा ट्यूब सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी पडते.

ओहम जुळवा. कॅबिनेटचे जॅक बहुधा समांतर असतात, म्हणून ८-८ ओहमचे दोन लावले की ४ होतात आणि १६-१६चे दोन लावले की ८. लेबलावर भरवसा नसेल तर मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर ६-७ दाखवतो, १६चा ११ ते १४ आणि ४चा ३च्या आसपास. आणि स्पीकरला गिटारची केबल लावू नका. तिची आतली तार बारीक असते, भाराने तापते आणि शील्डला चिकटून शॉर्ट होऊ शकते.

ट्यूब बदलून बायस न बघणं

प्रीअ‍ॅम्पच्या (गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या) १२एएक्स७ ट्यूब बिनदिक्कत बदला, त्यांना बायस (ट्यूबमधून सतत किती करंट वाहावा हे ठरवणारं व्होल्टेज) लावावा लागत नाही. पॉवर ट्यूबचं तसं नाही. नावाची गंमत बघा: 'फिक्स्ड बायस' अ‍ॅम्पमध्ये बायस लावावा लागतो आणि 'कॅथोड बायस' अ‍ॅम्पमध्ये तो आपोआप सावरतो.

हिशेब सोपा आहे. ट्यूबच्या प्लेटची कमाल क्षमता घ्या, तिचे ७० टक्के करा, प्लेट व्होल्टेजने भागा. ६एल६जीसी ३० वॅटची, म्हणून २१ वॅट. ४४० व्होल्टवर ४८ मिलिअँपिअर. ईएल३४ २५ वॅटची, ४५० व्होल्टवर ३९. जुन्या ६व्ही६ला १२ वॅटची धरली तर ४१० व्होल्टवर जेमतेम २०. ७० टक्के ही वरची मर्यादा आहे. ६० टक्क्यांवर आवाज आवडला तर तिथेच थांबा, ट्यूब जास्त टिकेल. प्रत्येक कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावरचे मिलिव्होल्ट म्हणजेच मिलिअँपिअर. त्यात स्क्रीनचाही (ट्यूबमधल्या एका जाळीचा) थोडा करंट येतो, त्यामुळे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते.

हे माप चालू अ‍ॅम्पवर घेतात, आत ४००-५०० व्होल्ट असताना. सवय नसेल तर जाणकाराकडे द्या. आत सोल्डर करायचं असेल तर पिन उपटून पुरत नाही, कारण फिल्टर कपॅसिटर भरलेले राहतात. १०० किलोओहम, २ वॅटच्या रेझिस्टरने मिनिटभर रिकामे करा, मग मीटरने खात्री करा. दुसरा हात खिशात ठेवा.

६एल६च्या जागी ईएल३४ 'बसते' म्हणून लावू नका. तिचा हीटर ०.९ऐवजी १.५ अँपिअर ओढतो आणि तिची १ नंबरची पिन ८ला जोडलेली हवी. एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायर ट्यूबमध्येही हाच मोह होतो: ५वाय३ काढून जीझेड३४ लावली की व्होल्टेज वर चढतं आणि बायस बिघडतो.

बिघाड ओळखताना

पॉवर ट्यूबची प्लेट लालभडक दिसली तर ताबडतोब बंद करा. काचेवर निळसर झाक मात्र निरुपद्रवी असते. लालीमागे बहुधा बायस गेलेला असतो. पॉवर ट्यूब काढून चालू करा आणि सॉकेटच्या ५ नंबर पिनवर उणे व्होल्टेज मोजा. कुठेच नसेल तर दोष बायसच्या पुरवठ्यात. एकाच बाजूला कमी असेल तर त्या बाजूचा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या भागातून सिग्नल आणणारा) गळतोय.

गुणगुण आली तर तिची पट्टी ऐका. मेनच्या दुप्पट वारंवारतेची, म्हणजे ५० हर्ट्झच्या मेनवर १०० हर्ट्झची आणि जरा खरखरीत असेल तर फिल्टर कपॅसिटरवर संशय घ्या. मेनच्याच पट्टीतली खोल, गोल घुमघुम बहुतेक हीटर किंवा अर्थच्या वायरिंगमधून येते. व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर थांबली तर दोष त्याआधीच्या भागात, नाहीतर नंतरच्या.

कडकड, शीळ किंवा घंटेसारखा नाद येत असेल तर पेन्सिलच्या टोकाने प्रत्येक प्रीअ‍ॅम्प ट्यूबवर हलकेच टिचकी मारा. इनपुटजवळची पहिली ट्यूब थोडी बोलतेच, त्याने घाबरू नका. जी मोठ्याने खणखणते ती मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे धक्क्याचाही आवाज करते. आवाज मध्येच जात असेल आणि अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप (इफेक्ट जोडायचे सेंड आणि रिटर्न जॅक) असेल, तर सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी केबल लावून बघा. आवाज परत आला तर फक्त जॅकचे काँटॅक्ट मळलेत, साफ करून विषय संपतो. फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज लावू नका. तितक्याच अँपिअरचा, तशाच स्लो-ब्लो प्रकारचा लावा. परत उडाला तर पॉवर ट्यूब काढून बघा. ट्यूबशिवाय टिकला तर बहुधा एखादी ट्यूब शॉर्ट आहे.

कित्येक वर्षं बंद पडलेला अ‍ॅम्प विकत घेतल्या-घेतल्या थेट मेनला लावू नका. सिरीज लॅम्पवर लावा, म्हणजे मेनच्या वाटेत क्रमाने जोडलेला ६० ते १०० वॅटचा जुन्या फिलामेंटचा बल्ब, एलईडी चालत नाही. पॉवर ट्यूब काढलेल्या असताना बल्ब क्षणभर लकाकून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. तो पूर्ण उजेडात जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि तो सापडेपर्यंत पिन बाहेरच राहू द्या.