पोटातल्या वाऱ्याला घाण वास येतो तेव्हा काय करावं

आधी एक गोंधळ मिटवू. वारा जास्त सरणं वेगळं आणि त्याला घाण वास येणं वेगळं. दिवसातून 10 ते 20 वेळा वारा सरतोच, त्यात आजार नाही. त्यातला बहुतेक वायू, म्हणजे नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, बिनवासाचा असतो. वास येतो गंधकाच्या वायूंचा, मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडचा. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो अंडी, मटण, कांदा, लसूण, कोबी, मुळा यांतल्या गंधकापासून बनवतात.

आमच्या साताऱ्यात सगळा दोष घेवड्याच्या माथी मारतात. कोरेगावचा वाघ्या घेवडा, म्हणजे राजम्याचाच एक प्रकार, वारा वाढवतो हे खरं, कारण त्यातल्या काही शर्करा आपल्याला पचत नाहीत, त्या जिवाणूंच्या वाट्याला जातात. रात्रभर भिजवा, वर फेस आलेलं पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात बोटाने चिरडेल इतका मऊ शिजवा. वासाचा संशय घ्यायचा तर आधी त्याच आमटीतल्या कांदा-लसणाच्या वाटणावर घ्या.

आता अवघड काम: आपला गुन्हेगार शोधणं. इथे मी वाईट चुकले होते. कुणीतरी सांगितलं म्हणून अंडी, दूध, कोबी, कडधान्यं सगळं एकदम बंद केलं. वास कमी झाला, पण कशामुळे ते कळेना, आणि नुसत्या भात-भाकरीवर अंगातली ताकद गेली. असं करू नका. एका वेळी एकच पदार्थ 4-5 दिवस थांबवा, मग पुन्हा खाऊन बघा. कॅलेंडरच्या चौकटीत रोज लिहा: काय खाल्लं, पोट साफ झालं का, वास कसा होता. लसणाच्या पाळीत भडंगही सोडावं लागतं, हे विसरायला होतं. माझ्या बाबतीत रोजची 2 अंडी निघाली. आता आठवड्यातून दोनदा खाते, त्रास नाही.

पोट साफ होण्याची नोंद मुद्दाम ठेवायला सांगते. बद्धकोष्ठ असेल तर मळ आत साचतो, जिवाणूंना जास्त वेळ मिळतो आणि काहीही खाल्लं तरी वास येतो. पाणी, फळं, चालणं. चोथा हळूहळू वाढवा, एकदम वाढवलात तर वारा दुप्पट.

ओवा-हिंगाने पोट हलकं वाटतं, वासाचं मूळ तसंच राहतं.

शौचातून रक्त, वजन घटणं, सतत जुलाब किंवा झोपेतून उठवणारी पोटदुखी असेल तर हे प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांकडे जा.