टेस्टोस्टेरॉन तपासताय? या चुका टाळा

फोंड्यातल्या लॅबमध्ये मी रक्त काढायचं काम करतो. बाजार उरकून संध्याकाळी साडेपाचला कुणीतरी हटकून येतो आणि हळू आवाजात म्हणतो, ‘टेस्टोस्टेरॉन बघायचंय.’ मी त्याला उद्या यायला सांगतो. हे हार्मोन सकाळी चढलेलं असतं आणि दिवसभरात उतरतं. सकाळी ७ ते १०, तेही उपाशीपोटी, ही खरी वेळ. वेर्ण्याहून रात्रपाळी करून थेट येणाऱ्याची गोष्ट वेगळी. हा चढ झोपेशी बांधलेला असतो, म्हणून त्याने पाळीची वेळ डॉक्टरांना आधी सांगावी.

एका रिपोर्टवर हाय खाऊ नका. प्रौढ पुरुषात ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरखाली आकडा सहसा कमी मानतात, पण तो दोन वेगळ्या सकाळी कमी यायला हवा आणि लक्षणंही हवीत. नुकत्याच डेंग्यूतून उठलेल्याचा आकडा खाली दिसणारच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. काही यंत्रांवर त्याने रिपोर्ट चुकतो.

सगळ्यांत महागात पडते ती चूक जिममध्ये होते. मूल होत नाही म्हणून ‘ताकदीचं’ इंजेक्शन घेणारे मी पाहिलेत. उलटंच होतं ना बाबा! बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना निरोप पाठवणं थांबवते. रक्तातला आकडा झकास दिसतो, पण वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन आटतं. शुक्राणू त्याच्यावरच तयार होतात, त्यामुळे त्यांची संख्या शून्यावरही जाते. इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांची गाडी रुळावर येते, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. शिवाय रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांवर गेलं की डॉक्टर टेस्टोस्टेरॉनचे उपचार थांबवतात.

अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या जातीचं हार्मोन, फक्त पुरुषांचं, हाही गैरसमजच. बायकांच्या अंडाशयात आणि मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीत ते तयार होतं, आणि इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन त्याच्यापासूनच बनतं. पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस, तर दर महिन्याला पार्लर गाठून गप्प बसू नका. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाचा आणि हार्मोनचा बिघाड, असू शकतो. थोड्याच महिन्यांत आवाज घोगरा झाला तर मात्र लगेच डॉक्टरकडे जा. चाचणीआधी गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्याचं सांगा, त्याने आकडा उतरतो.

डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉनचं जेल दिलं असेल तर ते लावलेला खांदा शर्टाने झाका आणि हात साबणाने धुवा. उघड्या अंगाने पोराला कडेवर घेतलं, तर ते औषध त्याच्या कातडीतून आत जातं.