पाणी खाली गेलं म्हणून केस बंद होत नाही

मी लातूरचा. पुण्यात जिऑलॉजीत एमएस्सी, २०१४ साली कॅलिफोर्नियात एमएसला आलो आणि २०१६च्या उन्हाळ्यात सेंट्रल व्हॅलीतल्या एका छोट्या कन्सल्टिंग कंपनीत लागलो. काम काय, तर पेट्रोल पंपांखालच्या गळक्या टाक्या. आई नातेवाइकांना सांगायची, “तो तिकडं पर्यावरणाचं बघतो.” आणि मी चाळीस डिग्रीच्या उन्हात पंपाच्या आवारात गुडघे टेकून दोन इंची तपासणी-विहिरीचं पाणी बाटलीत भरत असायचो.

आता माझ्या हाताखाली भारतातून आलेली नवी पोरं-पोरी येतात. प्रत्येकाचा दुसऱ्या महिन्यातला प्रश्न ठरलेला, “क्लोजर कसं मिळवायचं?”, म्हणजे गळतीची सरकारी केस बंद कशी करून घ्यायची. प्रत्येकाला तेच सांगून घसा दुखला, म्हणून एकदाच लिहून काढतो.

टाकी गळते, पेट्रोल मातीतून खाली जातं, पाण्याच्या पातळीवर तरंगतं, थोडं विरघळून प्लूम, म्हणजे भूजलात दूषित पाण्याचा लोट, तयार होतो, सरकारी एजन्सी केस उघडते. हे तुम्हाला ठाऊक आहे. इथल्या जुन्या केसेस बहुतेक एकपदरी स्टीलच्या टाक्यांच्या. त्या बदलायची किंवा सुधारायची केंद्राची शेवटची तारीख २२ डिसेंबर १९९८ होती. टाक्या निघाल्या, केसेस मात्र वर्षानुवर्षं रेंगाळल्या. १ मे २०१२ रोजी स्टेट वॉटर बोर्डाने कमी धोक्याच्या केसेस बंद करण्याचं धोरण मंजूर केलं, १७ ऑगस्टपासून ते लागू झालं. आम्ही सगळे त्याला एलटीसीपी (लो-थ्रेट क्लोजर पॉलिसी) म्हणतो. त्याच्या आठ सर्वसाधारण अटी आणि त्यापुढच्या भूजल, वाफ आणि मातीशी थेट संपर्क अशा तीन कसोट्या पहिल्याच आठवड्यात पाठ होतात. त्यात काही शौर्य नाही.

एक धक्का मात्र प्रत्येकाला बसतो. कॅलिफोर्नियात पिण्याच्या पाण्यात बेन्झिन या पेट्रोलमधल्या विषारी घटकाची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे, आणि एलटीसीपीच्या भूजलाच्या कसोटीतल्या दुसऱ्या वर्गात ३,००० पर्यंत बेन्झिन असतानाही केस बंद होऊ शकते. “म्हणजे घाण तशीच ठेवून फाइल बंद?” असं मीही विचारलं होतं. हो, तशीच. अटी अशा की प्लूम २५० फुटांच्या आत असावा, वर पेट्रोल तरंगत नसावं, पाणीपुरवठ्याची सगळ्यांत जवळची विहीर किंवा नदी-तलाव प्लूमच्या कडेपासून १,००० फुटांपेक्षा लांब असावा, एमटीबीई (पेट्रोलमध्ये पूर्वी मिसळलं जाणारं एक रसायन) १,०००च्या खाली असावं. (कडेपासून बरं का, टाकीपासून नव्हे. टाकीपासून मोजलेलं अंतर मी आजही दर वर्षी एका तरी रिपोर्टमध्ये पकडतो.) यामागचा विचार असा की मातीतले जिवाणू बेन्झिन खातात, प्लूम एका लांबीला येऊन थांबतो, मग आक्रसतो, आणि पाणी यथावकाश स्वच्छ होतं. हा विचार मला आता पटलेला आहे. एमटीबीई तेवढं लबाड. ते पाण्यासोबत लांब पळतं आणि जिवाणूंना सहज पचत नाही. १९९६मध्ये सांता मोनिका शहराला त्यापायी स्वतःच्या विहिरी बंद कराव्या लागल्या, आणि पुढे २००३च्या अखेरीपर्यंत कॅलिफोर्नियाच्या पेट्रोलमधून ते काढून टाकायचं ठरलं.

पण या वर्गांच्या आधी धोरणात एक ओळ आहे: प्लूम स्थिर असला पाहिजे किंवा आक्रसत असला पाहिजे. आकडा कितीही छोटा असो, ही अट आधी. मी आपटलो ते नेमका इथेच.

ऑक्टोबर २०१६. माझ्यावर सोपवलेली पहिली क्लोजर रिक्वेस्ट. चालू पंप, त्यामुळे इमारतीत शिरणाऱ्या वाफेच्या कसोटीतून बहुतांशी सूट. आठ मॉनिटरिंग विहिरी, म्हणजे भूजल तपासायला खोदलेल्या. त्यातली एमडब्ल्यू-३ जुन्या टाकीच्या खड्ड्याला लागून. २०११ साली तिच्यात बेन्झिन २,१०० होतं, मग १,४००, ६००, १७० आणि २०१६मध्ये ३८. एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन टाकली तर काय देखणी उतरली! मी लिहिलं, “नैसर्गिक क्षय ठळकपणे दिसतो.” बॉसने वाचलं, दोन स्वल्पविराम दुरुस्त केले, सही केली आणि रिपोर्ट गेला. मला वाटलं, चार महिन्यांत पहिली केस बंद, एच-१बीच्या फाइलला जोडायला चांगलं पत्र मिळणार.

आता नीट वाचा, कारण यापुढचं मी मुद्दाम लांबवणार आहे.

२०१२ ते २०१६ कॅलिफोर्नियात दुष्काळ होता. शेतकऱ्यांनी कालव्याच्या पाण्याऐवजी जमिनीतून पाणी उपसलं. माझ्या साइटवर २०११मध्ये पाणी ४४ फुटांवर होतं, २०१६मध्ये ५७ फुटांवर गेलं. एमडब्ल्यू-३ची स्क्रीन, म्हणजे पाणी आत येण्यासाठी फटी असलेला पाइपचा भाग, ४० ते ६० फूट. म्हणजे विहिरीत जेमतेम तीन फूट पाणी उरलं होतं. पेट्रोल गळलं तेव्हा पाणी ४३ ते ५२ फुटांच्या दरम्यान वरखाली होत असे. पेट्रोल त्या पाण्यावर बसून वरखाली झालं आणि त्या नऊ फुटांच्या मातीला लेपासारखं चिकटलं. याला स्मिअर झोन म्हणतात. पाणी ५७वर गेल्यावर तो सगळा लेप कोरड्या मातीत टांगून राहिला. पाण्याचा आणि त्याचा संबंधच तुटला. मी जे पाणी बाटलीत भरत होतो ते लेपाच्या पाच फूट खालचं पाणी. ते स्वच्छ दिसणारच!

जिवाणूंनी काहीही खाल्लं नव्हतं. म्हणजे थोडं खाल्लं असेल, पण माझ्या ग्राफवर दिसत होता तो दुष्काळ.

आणि हे मला कळायला नको होतं? एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येत होती. मी इकडे शेवटच्या सत्राचे पेपर देत होतो आणि बाबा फोनवर सांगत होते की आपल्या बोअरनं राम म्हटला. त्या वर्षी पावसाळा चांगला झाला, शेतातली विहीर भरली, तेव्हा ते म्हणाले, “पाणी आलंय, पण आठ दिवस उपसून टाकलं. कडेची सगळी घाण पाण्यात उतरलीय.” मी “बरं” म्हटलं आणि त्याच रात्री एमडब्ल्यू-३ची ट्रेंडलाइन रंगवत बसलो. माझी विहीर आणि बाबांची विहीर एकाच शास्त्राने चालतात हे डोक्यात शिरलं नाही. शिकलेल्या माणसाचं हे असं होतं.

२०१६-१७चा हिवाळा आला आणि कॅलिफोर्नियात धो धो कोसळला. साइटच्या जवळून नदी जाते, त्यामुळे पाणी झपाट्याने वर आलं. एजन्सीची केसवर्कर सावध बाई होती. क्लोजरचा निर्णय देण्याआधी तिने वसंतात पाण्याच्या नमुन्यांचा आणखी एक राउंड मागितला. पाणी ४८ फुटांवर, लेपाच्या मधोमध. एमडब्ल्यू-३मध्ये बेन्झिन २,६००. गंमत अशी, की तरीही ३,०००च्या आत! मी मूर्खासारखा तोच मुद्दा घेऊन बॉसकडे गेलो. पण प्लूमच्या टोकाची एमडब्ल्यू-७ वर्षानुवर्षं निर्मळ होती, तिच्यातही एमटीबीई १९ निघालं. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा १३ची, आणि चवी-वासाची तर ५. म्हणजे प्लूम स्थिर नाही, आक्रसत तर मुळीच नाही. रिक्वेस्ट परत आली. पंपाचा मालक वयस्कर गुजराती गृहस्थ. ते एवढंच म्हणाले, “तुम्हीच तर सांगितलं होतं, संपलं म्हणून.” त्या वाक्याने मला जेवढं शिकवलं तेवढं एमएसने नाही.

मग करायचं काय? एकच काम, पण प्रत्येक वेळी. सांद्रतेचा आणि पाण्याच्या पातळीचा ग्राफ एकाच कागदावर काढा. पातळीचा अक्ष उलटा ठेवा, म्हणजे पाणी खाली गेलं की रेघही खाली जाईल. त्याच कागदावर स्क्रीनचा वरचा आणि खालचा टोक आडव्या रेघेने दाखवा. मग बोअर लॉग, म्हणजे विहीर खोदतानाच्या नोंदी, काढा, मूळ, हाताने लिहिलेले, स्कॅन केलेले, आणि ड्रिलिंगच्या वेळी पीआयडीने (मातीतली पेट्रोलची वाफ मोजणारं यंत्र) कुठल्या फुटाला उसळी घेतली ते बघून लेपाचा पट्टा रंगवा. आता स्वतःला विचारा: पाणी या पट्ट्यात शेवटचं कधी होतं, आणि तेव्हा विहीर काय म्हणत होती? या प्रश्नाचं उत्तर नसेल तर तुमच्या ट्रेंडलाइनला काडीची किंमत नाही. दोन्ही रेघा हातात हात घालून खाली उतरत असतील तर समजा, इथे पाणी मुरतंय.

उलटही फसगत होते. पाणी स्क्रीनच्या वर चढलं तर वर तरंगणारं पेट्रोल विहिरीत येऊच शकत नाही. पातळी मोजायची टेप सोडली की स्वच्छ पाणी, आणि तुम्ही लिहिता, “फ्री प्रॉडक्ट आढळलं नाही.” आढळणार कसं, दारच बुडालंय. आणि पाणी उतरायला लागलं की मातीत अडकलेलं पेट्रोल निथळून विहिरीत जाड थराने दिसू लागतं, तेव्हा नवी गळती झाली म्हणून धावाधाव होते. तिन्ही बाबतीत विहीर खोटं बोलत नसते, आपण अर्धंच ऐकतो.

हे सगळं मला कुणी शिकवलं? बॉसने नव्हे. तो वाईट माणूस नाही, पण त्याचं शिकवणं म्हणजे लाल पेन. काय चुकलं ते दिसतं, का चुकलं ते कधीच नाही. मला शिकवलं आमच्या साठीच्या फील्ड टेक्निशियनने. कॉलेज न पाहिलेला माणूस. रिक्वेस्ट परत आल्यावर तो ट्रकमध्ये बसून म्हणाला की एमडब्ल्यू-३ दोन वर्षांपासून पंप लावला की कोरडी पडते, हे त्याने प्रत्येक फील्ड शीटवर लिहिलं होतं. मी बाहेर येऊन शीट काढली. खरंच लिहिलं होतं, दर खेपेला. मी फक्त लॅबचे आकडे उचलत होतो. तेव्हा मेंटर शोधायला लिंक्डइनवर जाऊ नका. कॉफीवर बोलावून “नेटवर्किंग करा, पीएमपी करा” सांगणारे आपलेच देशी सीनियर ढिगाने भेटतील. ज्याच्या बुटांना चिखल आहे त्याच्यासोबत सहा महिने फिरा.

टेम्पलेटबद्दलही बोलून घेतो. प्रत्येक कंपनीत क्लोजर रिक्वेस्टचा एक साचा असतो, आधीच्या साइटचं नाव खोडून नवं घालायचं. मी अशा रिपोर्टात दुसऱ्याच गावच्या नदीचं नाव पाहिलंय. साचा वापरा, पण साइटच्या संकल्पनाचित्राचा भाग, म्हणजे जमिनीखाली काय, कुठे, कसं चाललंय ते, कोऱ्या पानावर स्वतः लिहा. तो लिहिता येत नसेल तर साइट तुम्हाला कळलेली नाही. त्यापेक्षा जिओट्रॅकर, म्हणजे स्टेट वॉटर बोर्डाचा ऑनलाइन डेटाबेस, उघडा. बंद झालेल्या केसेसच्या फाइली तिथे फुकट पडल्यात. तुमच्या परिसरातल्या वीस केसेसचे क्लोजर समरी आणि त्याआधी नाकारलेल्या रिक्वेस्टची पत्रं वाचा. नाकारलेली आधी. मोठमोठ्या फीचे कोर्स त्यापुढे झक मारतात.

घाबरवून टाकलं का? नोकरी गेली नाही माझी. मला वाटलं होतं जाणार, दोन आठवडे नीट झोप नव्हती, व्हिसाचं कॅलेंडर उशाशी. पण परत आलेली रिक्वेस्ट हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार आहे. मी पहिल्यांदा पाहत होतो म्हणून आभाळ कोसळलं. आम्ही लेपाच्या पट्ट्यात हवा सोडून वाफ ओढून घ्यायची यंत्रणा दीड वर्ष चालवली. अशा गळत्यांसाठीच्या राज्याच्या टाकी निधीतून मालकाला बराचसा खर्च परत मिळाला. यंत्रणा बंद केल्यावर चार तिमाह्या थांबलो, आणि या वेळी माझं लक्ष बेन्झिनच्या आधी पाण्यावर असायचं. पाणी पट्ट्यात असताना बेन्झिन १४० भरलं आणि चारही वेळा तिथेच राहिलं. एमडब्ल्यू-७ पुन्हा निर्मळ. २०२०मध्ये केस बंद झाली. मधल्या काळात जिऑलॉजिस्टच्या परवान्याच्या परीक्षाही झाल्या, दोन राष्ट्रीय पेपर आणि कॅलिफोर्नियाचा वेगळा एक. परवाना नसेल तर रिपोर्टवर सही दुसऱ्याची आणि रात्रीची जागरणं तुमची. अनुभवाची वर्षं पुरी होताच अर्ज टाका, रेंगाळू नका.

मंजुरीनंतरचं थोडक्यात. आजूबाजूच्या मालकांना, रहिवाशांना आणि पाणीपुरवठा संस्थांना नोटीस जाते, हरकतींसाठी ६० दिवस. कुणी हरकत घेतली नाही की विहिरी नष्ट करायचं पत्र येतं. त्याआधी एकही विहीर बुजवू नका, मालक कितीही मागे लागला तरी. काउंटीचा परमिट काढा, विहिरीत ग्राउट (सिमेंटचा गिलावा) भरा, मागच्या भिंतीशी वर्षानुवर्षं पडलेले पाण्या-मातीचे ड्रम उचला. ड्रम सगळेच विसरतात. मग शेवटचं पत्र येतं, दीड-दोन पानांचं.

२०२३च्या जानेवारीत पुन्हा तसाच पाऊस झाला. एका दुसऱ्या साइटवरून परतताना मी मुद्दाम त्या पंपाकडे गाडी वळवली. नदी दोन्ही काठ धरून वाहत होती. गाडीच्या डिकीत पाण्याची टेप होती, सवयीने हातात घेतलीही. एमडब्ल्यू-३च्या जागी डांबराचं गोल ठिगळ होतं, त्यावर कुणाची तरी पिकअप उभी. पाणी किती फुटांवर आलंय ते मोजायला तिथे आता काहीच नव्हतं. टाकी भरली आणि निघालो.